बळदातले गुर्रअप्पा

गुरलिंगअप्पा गेल्याचं त्यांच्या मुलीनं, नंदानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी परभणीच्या घरात मेथी निवडत बसले होते. फोन ठेवला आणि पहिला विचार काय यावा? की आता वालूरच्या त्या गल्लीतल्या बाया लेकरांना जेवू कशा घालणार. माणूस गेल्यावर असलं काही डोक्यात येतं म्हणून मग मी स्वतःवरच चिडले, मेथी बाजूला सारली आणि उगीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. नवरा म्हणाला, काय झालं, बस की. बसवेना. अप्पांच्या घरात भाड्यानं राहिलेल्या माणसाला ही सवय लागतेच.

वालूरच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा आधी मी परभणीहून ये-जा करून पाहिली. कंबर ढिली झाली. मग मुख्याध्यापक म्हणाले, भांडेवाल्या अप्पांकडं दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण तिथं भाडेकरू टिकत नाहीत बरं का. का टिकत नाहीत ते पहिल्याच सकाळी कळलं. नीट उजाडलंही नव्हतं आणि टण, टण, टण. उठून पाहते तर अप्पा पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून, दुकानातल्या एकेका पातेल्यावर बोटाचं हाड आपटत फिरतायत. घराच्या पुढच्या भागात दुकान, मध्ये अंगण, अंगणाच्या एका अंगाला माझ्या खोल्या. म्हणजे प्रत्येक टण् माझ्या उशाशी.

मी म्हटलं, "काका, हे रोजचंच आहे का?"

"मॅडम, रातीतून भांडं चिरलं तर? गिऱ्हाइकाला फुटकं द्यायचं का मंग?"

रातीतून पातेली आपोआप चिरल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. पण अप्पांना हात रिकामा ठेवताच येत नसे. गिऱ्हाईक बोलत असलं की हे त्याच्यामागं फिरून डबे सरळ करायचे. चहा एका जागी कधी प्यायले नाहीत. अर्धा कप दुकानात, मग कप हातात घेऊन अंगणात, उरलेला शेजारच्या ओट्यावर, आणि कप तिथंच विसरून परत. संध्याकाळी गल्लीतल्या चार घरांतून त्यांचे कप गोळा करून आणायचं काम पुढं माझ्याकडं आलं. मी काही कमी वैतागले नाही. तोंडावर बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमी लय तडकू हाव, मॅडम. आमच्या हिच्यासारख्या." त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, आणि नंतर कळलं की ही त्यांच्या लेखी मोठी तारीफ होती.

आता त्यांच्या आवाजाविषयी. तरुणपणी ते वडिलांबरोबर झरी, सेलू, जिंतूर असे आठवडी बाजार करायचे. भांड्यांच्या खणखणाटावरून गिऱ्हाइकाला हाक मारायची तर साधा आवाज पुरत नाही. त्यांचा आवाज तिथं तयार झाला आणि पुन्हा खाली उतरलाच नाही. घरातल्या घरात मीठ मागितलं तरी चौकात ऐकू जायचं. त्यात अंग आडवं, मिशा भरघोस, कपाळभर भस्म. लेकरांना भीती वाटायला आणखी काय पाहिजे?

आणि गल्लीनं याचा पुरेपूर फायदा घेतला होता. अप्पांच्या मागच्या खोलीत एक बळद होतं. आजकालच्या पोरांना बळद माहीत नसतं म्हणून सांगते. भिंतीतच बांधून काढलेली धान्याची कोठी. वरून ज्वारी ओतायची, खाली एक हातभर भोक, त्यातून काढून घ्यायची. अप्पांचं बळद कधीचं रिकामं होतं, त्यात मोडकी भांडी पडलेली असायची. पण त्याची भिंत शेजारच्या शोभाच्या घराला लागून. शोभाचं लेकरू जेवेना की ती अंगणातून ओरडायची, "ओ शेठ, हे बघा कसं करायलंय. जरा गुर्रअप्पाला बोलवा बरं."

दुकानात त्यांना सगळे शेठ म्हणत. गुर्रअप्पा हे नाव फक्त लेकरांना दाखवायचं. शोभाची हाक आली की अप्पा हातातलं गिऱ्हाईक सोडून मागच्या खोलीत जायचे, गुडघे टेकायचे, तोंड बळदाच्या भोकात घालायचे आणि आतून जी गुर्र काढायचे, बाप रे. ती गुर्र रिकाम्या बळदात घुमून घुमून मोठी व्हायची आणि शोभाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाहेर पडायची. "कोन जेवंना? कोन हाय ते? येऊ का भाईर?" पलीकडं पोराचं तोंड आपोआप उघडायचं आणि शोभा त्यात घास कोंबायची. मग अप्पा गुडघे झाडत परत यायचे, गिऱ्हाइकाला विचारायचे, "हां, तर कोणती कळशी म्हनलात?"

शोभाच्या आधी तिच्या सासूनं हेच केलं होतं. गल्लीतल्या दोन पिढ्या बळदाच्या धाकानं जेवल्या होत्या. एकदा फौजेतला एक जवान बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला. चांगला उंचापुरा. घंगाळ मागच्या खोलीत आहे म्हटल्यावर तो दारातच थांबला. म्हणाला, "शेठ, तुमीच काढून आणा. आमाला आजबी त्या भोकाकडं पाठ करून उभारवत न्हाई." अप्पांनी ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल. सांगताना मिशीतून हसायचे. पण सांगून झालं की उठायचे आणि फेऱ्या मारायचे, हेही मी पाहिलेलं आहे. कारण गल्लीतलं एकही लेकरू त्यांच्याजवळ येत नसे. दुकानात आईबरोबर आलेलं पोर आईच्या पदरामागं लपायचं. अप्पा खोबऱ्याचा तुकडा पुढं करायचे, पोर हात मागं घ्यायचं, आणि अप्पा तो तुकडा स्वतःच खाऊन टाकायचे.

मग नंदा आली. ती पुण्यात बँकेत होती. बढती मिळाली आणि बदली सेलूच्या शाखेत. नवरा पुण्यातच कंपनीत. अडीच वर्षांच्या पोराला घेऊन ती माहेरी राहायला आली, सकाळी स्कूटीवर सेलूला जायची, संध्याकाळी परत. दिवसभर पोरगं अप्पांकडं. त्याचं नाव शिवांश. अप्पा म्हणायचे शिवू.

शिवूनं या माणसाला पाहिलं आणि काय वाटलं देव जाणे, सरळ जाऊन मिशी धरली. नंदानंतर पहिल्यांदाच एका लेकरानं अप्पांना हात लावला. तेव्हापासून दुकानाचं काही खरं राहिलं नाही. शिवू पातेल्यांवर चमचा आपटायचा, अप्पा बोट आपटायचे, आणि मी वह्या तपासायला बसले की हा दुहेरी टणत्कार. अप्पांना तो आबा म्हणायचा. झोप आली की दुसरीकडं कुठं नाही, आबाच्या पोटावर. अप्पा फिरायचे आणि पोर त्यांच्या खांद्यावर झोपलेलं असायचं. मी म्हटलं, "काका, खाली ठेवा, खांदा जाईल." तर म्हणाले, "जाऊ द्या. लय दिवस पडून होता."

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. मग एका दुपारी मी शाळेतून आले, शिवू माझ्या खोलीत पोहे खात बसला होता, आणि शोभाची हाक आली. अप्पा सवयीनं गेले. गुर्र निघाली. माझे कान तिला सरावलेले होते. पण शिवूच्या हातातली वाटी पडली. तो उठला आणि धावत सुटला. अंगणातून, दुकानातून, परत अंगणातून, "आबा, आबा" करत. अप्पा मागच्या खोलीतून गुडघे झाडत बाहेर आले तसं पोरानं त्यांच्या मानेला मिठी मारली आणि कानात म्हणालं, "आबा, तो आला. मला धल."

अप्पा आधी हसले. मग हसणं थांबलं. रात्रीचं जेवण झाल्यावर ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "मॅडम, त्याच्या काळजाचा ठोका माझ्या छातीला लागायलता. आन त्यो माझ्यापासून पळून माझ्याकडंच आल्ता. आता ह्याला काय म्हनायचं?"

मी म्हटलं, "सांगून टाका की तो आवाज तुमचाच आहे."

ते दाराची कडी वरखाली करत राहिले. मला त्या कडीचाच राग यायला लागला होता, तेवढ्यात म्हणाले, "सांगितलं आन त्यो बी गेला तर? बाकीच्या लेकरांसारखा पदरामागं?"

घोडं अडलं होतं ते इथं. आणि तिथून पुढचे दिवस त्या घरात कुणाला स्वस्थता म्हणून मिळाली नाही.

शिवूला ते भोक दिसलं होतं. कुणीतरी, बहुतेक शोभाच्या थोरल्यानं, त्याला सांगितलं की गुर्रअप्पा तिथं राहतो. झालं. तो मागच्या खोलीकडं जाईना. न्हाणीघराची वाट त्या खोलीतूनच होती, म्हणून अंघोळ करेना. मग अंगणातून जाईना, कारण अंगणातून ते दार दिसतं. झोपेतून उठून "तो निघाला, तो निघाला" करायचा. जेवताना घास तोंडात धरून दाराकडं बघत बसायचा. पंधरवड्यात पोराचा चेहरा उतरला. नंदाही उतरली. सेलूहून यायची ती हेल्मेट काढायच्या आधी विचारायची, "आज जेवला का?"

अप्पांनी पहिला उपाय केला तो म्हणजे गुर्रअप्पा नाहीच असं जाहीर करून टाकलं. "आरं, कोन गुर्रअप्पा? आसं कोनी नसतंय. मी इतकी वर्सं ह्या घरात हाय, मला दिसला न्हाई." एक माणूस छातीवर हात ठेवून स्वतःच अस्तित्वात नसल्याची शपथ घेतोय हे मी पाहिलं. शिवूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो बोल्ला."

मग त्यांनी गल्ली पालथी घातली. घरोघर जाऊन, "आजपासून माझ्या नावानं लेकराला भ्या घालायचं न्हाई." बायांना आधी वाटलं थट्टा चाललीय. शोभा म्हणाली, "शेठ, मग माझं हे जेवायचं कसं? तुमाला नातू आला म्हनून आमची लेकरं उपाशी?" मीही सोबत गेले होते, आणि माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "शोभा, तुझ्या पोराला भिंत जेवू घालते का तू?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण इतक्या वर्षांची जीभ अशी एकाएकी वळते थोडीच. सकाळी कबूल करायची आणि दुपारी भिंतीपलीकडून, "गप खा, न्हाईतर गुर्रअप्पाला." मग जीभ चावायची. इकडं शिवूचे कान टवकारलेले.

कुणी म्हणालं, पोखर्णीला नृसिंहाला नेऊन आणा. मी कपाळावर हात मारला. खांबातून निघालेला देव दाखवून भिंतीतल्याची भीती घालवायची म्हणे. नंदानं मोबाइलवर काय काय बघितलं. त्यात होतं की बाटलीत पाणी भरून फवारायचं आणि लेकराला सांगायचं की हे राक्षस पळवायचं औषध आहे. तिनं फवारलं. शिवूनं लांबून विचारपूर्वक पाहिलं आणि म्हणाला, "त्यानं पानी पिलं." आता तहान भागलेला गुर्रअप्पा आणखी दिवस काढणार हे उघडच होतं.

या सगळ्यात अप्पांचा आवाज बसला. म्हणजे त्यांनीच बसवला. गिऱ्हाइकाशी कुजबुजत बोलायला लागले. लोकांना वाटलं शेठ आजारी आहेत. बोटंही पातेल्यावर आपटेनात, कारण प्रत्येक आवाजाला पोर दचकतं. फक्त पाय थांबत नव्हते. दुकान ते अंगण, अंगण ते दुकान. मी एकदा ओरडले, "काका, बसा हो एका जागी, मला चक्कर यायलीय." बसले. मी वही उघडेपर्यंत उठले.

आणि मग त्यांनी ती चूक केली. ती चूक फक्त अप्पाच करू शकले असते. रविवारची सकाळ होती. ते शिवूसमोर बसले, सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "आज आबा जानार आन त्या गुर्रअप्पाला बडवून काढनार. तू मम्मीपाशी बस. फकस्त ऐक." हातात काठी घेतली. मला वाटलं, ठीक आहे, दोन काठ्या आपटतील, म्हणतील पळाला, आणि विषय संपेल. पण बाजारात वाढलेला माणूस तो, अर्धवट काम करणं त्याला जमणार कसं? लढाई खरी वाटली पाहिजे म्हणून त्यांनी दोन्ही आवाज काढले. मागच्या खोलीतून आधी काठीचा दणका, मग आबांचा आवाज, "निघ भाईर." मग भोकातून घुमून, "गुर्रर्र, कोन हाय?" मग पुन्हा दणका. मोडकी भांडी खणाणली. मग शेवटी रंगात येऊन गुर्रअप्पाची अशी काही आरोळी ठोकली की पलीकडं शोभाची दोन्ही लेकरं रडायला लागली. आणि त्यानंतर, परिणाम साधायचा म्हणून, अप्पा थोडा वेळ गप्प राहिले.

त्या गप्प राहण्यानंच घात केला. शिवूच्या हिशेबात काय झालं ते उघड होतं. आबा आत गेला. भांडण झालं. शेवटी ओरडला तो गुर्रअप्पा. आबाचा आवाज बंद. पोराचा चेहरा पांढरा पडला. रडलंसुद्धा नाही. अप्पा घाम पुसत, हसत बाहेर आले, "पळवलं बग त्याला," तर शिवूनं त्यांच्याकडं असं पाहिलं की हा कोण आलाय त्यातून बाहेर. संध्याकाळी ताप चढला. डॉक्टर म्हणाले, ताप साधा आहे. पण तो तापात आबाला हाका मारत होता आणि आबा शेजारीच बसलेला होता.

नंदा बापाला कधी उलटून बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी बोलली. "दादा, तुमाला खेळ वाटायलाय का हा? आख्ख्या गल्लीला घाबरवून पोट भरलं न्हाई?" मग नवऱ्याला फोन लावला. ठरलं. येत्या रविवारी तो गाडी घेऊन येणार आणि शिवूला पुण्याला नेणार. तिकडं पाळणाघर आहे, नंदाची सासू येऊन राहील. नंदा शनिवार-रविवारी पुण्याला ये-जा करणार. पोर लहान आहे, इथलं विसरून जाईल, असं ती म्हणाली. अप्पा दारात उभे होते. विसरून जाईल हे त्यांनी ऐकलं. बाहेर जाऊन दुकानाचं शटर खाली ओढलं, तेही हळू, आवाज न करता.

ताप उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, जरा इथं थांबा. मला एकट्याला होनार न्हाई." अंगणात ऊन होतं. त्यांनी शिवूला समोर उभं केलं आणि स्वतः फरशीवर मांडी घातली. पोराचा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवला, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याच्या जरा वर. म्हणाले, "शिवू, हितं हात धर. भिऊ नको. मी सांगीन तवाच आवाज यील." मग अगदी बारीक, मांजरीएवढी गुर्र काढली. पोराच्या बोटांना ती लागली असणार. डोळे मोठे झाले. अप्पांनी थोडी मोठी काढली. मग आणखी थोडी. मग थांबले आणि म्हणाले, "बळदात कोनी न्हाई. त्यो मीच हाय. गुर्रअप्पा म्हंजे आबाच."

शिवूनं हात काढून घेतला. त्या हाताकडं पाहिलं. आबाकडं पाहिलं. मग पाठ न फिरवता मागं मागं सरकत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या साडीत तोंड घातलं. अप्पा तिथंच बसून राहिले. मला रडू आवरेना आणि राग कुणाचा येतोय तेही कळेना.

त्यानंतर शिवू त्यांच्याकडं गेला नाही. मिशी धरली नाही, पोटावर झोपला नाही. दुकानात अप्पा असले की तो माझ्या खोलीत, अप्पा अंगणात आले की तो आईच्या कडेवर. अप्पा ज्याला भ्यायले होते तेच झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे मागच्या खोलीकडं तो अजूनही जाईना. मी विचारलं, "शिवू, आता कशाला भितोस? गुर्रअप्पा म्हणजे आबा ना?" त्यानं मान हलवली. ते त्याला पटलं होतं. मग दाराकडं बोट करून हळूच म्हणाला, "मावशी, मग आत कोन हाय?"

मी हे अप्पांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. ते ऐकून म्हणाले, "म्हंजे मी गेलो, आन ते हाय तिथंच." आणि मग चौकाकडं निघून गेले, पायात चप्पल न घालता.

त्या आठवड्यात माझीही बदलीची ऑर्डर आली, परभणीजवळची शाळा. मागितलीच होती मी. रविवारी माझंही सामान बांधलेलं आणि शिवूचंही. जावई सकाळीच येऊन पोचले. भला माणूस, पण घाईतला. गाडी गल्लीत लागत नाही, चौकात उभी आहे, चला लवकर. नंदानं शिवूची बॅग ओट्यावर आणून ठेवली. अप्पा दुकानात पाठमोरे उभे राहून एकच डबा पुसत होते. पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

एक चप्पल सापडेना. शिवूची लाल चप्पल. ओट्याखाली, माझ्या खोलीत, तुळशीमागं, सगळीकडं बघितलं. शेवटी शोभाच्या पोरानं भिंतीवरून सांगितलं, "ती मघाशी मांजरानं नेली. त्या खोलीत." मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत, बळदाच्या भोकाच्या अगदी पुढं, चप्पल पडलेली दिसत होती. जावई म्हणाले, "मी आणतो." पण शिवू त्यांच्या आधी निघाला. आम्ही सगळे जिथल्या तिथं थांबलो. मला आठवतं, नंदानं नवऱ्याचा हात धरून त्याला अडवलं.

पोरगं उंबऱ्यापर्यंत गेलं आणि थांबलं. पाय पुढं टाकायचं, मागं घ्यायचं. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. भोकाकडं बघायचं, चपलीकडं बघायचं. श्वास इतका मोठा की अंगणात ऐकू येत होता. मी आता जाते आणि उचलून आणते असं मला दहादा वाटलं. अप्पा दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले होते, हातात फडकं तसंच.

मग शिवूनं कमरेवर हात ठेवले. हुबेहूब शोभा. भोकाकडं बघून म्हणाला, "ए. गप बश. न्हाईतल गुल्लअप्पा येतील."

आतून अर्थातच काही उत्तर आलं नाही. पोरानं थोडी वाट पाहिली. त्याची खात्री पटली नसावी. मग मागं वळलं, आमच्यामधून, कुणाकडंही न बघता, सरळ दुकानाच्या दारापर्यंत आलं आणि अप्पांचं बोट धरलं. "आबा, चल. त्याला ओलड."

अप्पा नंदाकडं बघू लागले. इतका मोठा माणूस, पण तोंड एवढंसं झालं होतं. नंदाचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "जावा की दादा. बोलवायलाय तुमाला."

ते दोघं आत गेले. अप्पांनी गुडघे टेकले. तोंड भोकाजवळ नेलं आणि आवाजच फुटेना. इतक्या दिवसांचा दाबून ठेवलेला. शिवू शेजारी उभा राहून त्यांच्या सदऱ्याला हिसका देत होता, "ओलड ना, आबा." मग निघाली. अशी गुर्र मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. मोडकी भांडी थरथरली, पलीकडं शोभाच्या घरात सगळं चिडीचूप झालं. आणि ती घुमून संपायच्या आत शिवूनंही गुडघे टेकले, आपलं एवढंसं डोकं आबाच्या मिशीला लावून भोकात घातलं आणि जमेल तेवढी गुर्र काढली. मग आतला आवाज परत आला तसं तो हसायला लागला. पोट धरून हसला.

माझी बस होती. निरोप घ्यायला मी दारापर्यंत गेले आणि घेतला नाही. त्या दोघांच्या फक्त पाठी दिसत होत्या, एक आडवी, एक वीतभर, दोन्ही डोकी भिंतीत. अप्पांना मी त्यानंतर पाहिलं नाही. शाळा, घर, आज जाऊ उद्या जाऊ करत राहूनच गेलं, फोनवर बोलणं व्हायचं तेवढंच.

पिशव्या उचलून मी अंगणातून निघाले तेव्हा जावई घड्याळ बघत म्हणत होते, "नंदा, उशीर होतोय, निघायचं ना?" नंदानं ओट्यावरची शिवूची बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.